पप्पांच्या वाटणीच्या काड्या

द्रोणागिरी,
गुरुवार, १८ डिसेंबर

प्रिय पास्कल,

हे पत्र ऑफिसात बसून, जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. आज मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. म्हणजे मला उपास, म्हणजे डबा नाही, म्हणजे पाऊण तास माझा एकटीचा. असा पाऊण तास मला घरात मिळत नाही. फोनवर आपलं बोलणं होतं ते कसलं, अर्धं 'हॅलो, येतंय का ऐकू' यात जातं आणि उरलेलं जोएल खातो. शिवाय काही गोष्टी पोरांच्या देखत बोलायच्या नसतात. परवा शनिवारी एजंटचा माणूस कागद घेऊन तुमच्या जहाजाकडे यायला निघतोय. हे पाकीट त्याच्या हातात देणार आहे. उघडलंस की लगेच खिशात घालू नकोस, शेवटपर्यंत वाच.

आधी घरचं सांगते. पोरं बरी आहेत. अर्पिताचा पुढचा दात पडला आणि आता ती हसताना तोंडावर हात ठेवते. जोएलला खोकला आहे, पण तो त्याच्या आवाजाइतका मोठा नाही. आपल्या बिल्डिंगची लिफ्ट दिवाळीपासून बंद आहे. सहा मजले चढून गेलं की मी दार लावते आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खाली उतरायचं नाव काढत नाही. खिडकीतून तेच दिसतं, यार्डात एकावर एक रचलेले कंटेनर, रस्त्यावर ट्रेलरची रांग आणि लांब पाण्यात उभी जहाजं. जोएल रोज एकेका जहाजाकडे बोट करून विचारतो, हे पप्पांचं का? मी नाही म्हणते. मग तो म्हणतो, मग त्यांचं कुठलं?

लोकही विचारतात. त्यांच्यासाठी मी एक उत्तर पाठ करून ठेवलंय, शाळेतल्या कवितेसारखं. जहाजाच्या मालकाचं आणि मालवाल्यांचं भांडण, कोर्टानं जहाज परक्या बंदराबाहेर अडवलं, पाच महिने झाले, चौदा जण होते, नोव्हेंबरात सात जणांना सोडलं, यांचा नंबर लागला नाही. ऐकणारा चुकचुकतो आणि म्हणतो, धीराची हो तुम्ही. चर्चच्या पायऱ्यांवर तर दर रविवारी तीन-चार जणी तरी म्हणतात. त्या म्हणाल्या की मला हसावं लागतं. मी इथे गेटपासच्या टेबलावर बसते, माझ्या एका सहीनं दिवसाला ऐंशी कंटेनर बाहेर पडतात, आणि एक नवरा तेवढा सुटत नाही. हा विनोद मी ऑफिसात एकदाच केला. कोणी हसलं नाही.

तर आगमनकाळ, नाताळाआधीचे चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती वाढवायची. दरवर्षी हे सगळं तू करायचास आणि मी कडेला बसून शेंगा सोलायचे. यंदा तू म्हणालास, तू कर रंजिता, खर्च काही नाही, पोरांना आठवण राहील. मी तुझ्या फोनवरच्या सूचना मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून घेतल्या. मेणबत्त्यांचं चक्र, कागदाची साखळी, नाताळच्या देखाव्यासाठी नाचणीचं गवत, गव्हाणीतल्या काड्या. चार गोष्टी. आगऱ्याच्या पोरीला एवढ्या चार गोष्टी जमणार नाहीत होय, असं मनात म्हटलं.

पहिल्याच रविवारी फजिती झाली. पितळी ताटात चार मेणबत्त्या उभ्या केल्या, तीन जांभळ्या नि एक गुलाबी असा तुझा हुकूम. उरणच्या बाजारात जांभळी मिळेना, मग पांढऱ्यांनाच साडीच्या जुन्या फॉलच्या पट्ट्या बांधल्या. भोवती हिरवा पाला हवा होता. गुरुवारच्या घटासाठी आईनं गावाहून पाच झाडांच्या डहाळ्या पाठवल्या होत्या. शुक्रवारी पूजा उतरवल्यावर त्याच धुऊन ताटात मांडल्या. देवीला विचारून हं. तुझ्या देवाला विचारायचं राहिलं. पहिली मेणबत्ती लावली, प्रार्थना झाली आणि अर्पिता फुंकर मारायला वाकली. माझा हात तिच्या तोंडावर कधी गेला मला कळलंच नाही. आमच्यात दिवा फुंकून विझवत नाहीत, पास्कल. तू असताना ती मेणबत्ती तू फुंकायचास, मी दुसरीकडे बघायचे. पण तू समुद्रावर आणि मी आपल्या तोंडानं घरातला दिवा विझवू? माझ्यानं होईना. मग आम्ही तिघं ती पूर्ण जळेपर्यंत बसून राहिलो. तीच प्रार्थना चारदा म्हटली. भात गार झाला. दुसऱ्या रविवारी पाहिलं तर पहिल्या मेणबत्तीच्या जागी नखाएवढा मेणाचा डाग, आणि लावायच्या तर दोन!

शेवटी सगुणामावशींनी, त्या समोरच्या, तोड काढली. वाटी पालथी घालायची. आपण विझवत नाही, ती आपली शांत होते. त्या रविवारी मी वाटी घातली. जोएल ताटाजवळ तोंड नेऊन बसला होता. म्हणाला, मम्मी, तिला आत गुदमरत असेल ना? मी हसले, हो रे बाबा म्हटलं आणि आत जाऊन नळ सोडून उभी राहिले. पाणी बादली भरून वाहून गेलं.

नाचणी पहिल्यांदा कुजली, कारण जोएलनं तिला एका दिवसात सात वेळा पाणी घातलं. दुसऱ्यांदा पेरली ती आता दोन बोटं वर आलीय. साखळी मी ऑफिसातल्या रद्द गेटपासच्या गुलाबी-पिवळ्या प्रतींची केली, चोवीस कड्यांची. प्रत्येक कडीत एकेक काम लिहिलं. वॉचमनकाकांना चहा नेऊन दे. सगुणामावशींना पेपरातलं भविष्य वाचून दाखव. आज भावाला चिमटा काढू नकोस. रोज सकाळी एक कडी फाडायची, काम वाचायचं नि करायचं. पोरांना त्याचं वेड लागलंय. पण त्यांना वेड कामांचं नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तूच फोनवर म्हणाला होतास, यंदा साखळी संपली की पप्पा दारात. तेव्हा मीही ते खरं धरून चालले होते. आज सहा कड्या उरल्यात. सोमवारी मी सकाळी लवकर उठून साखळीला मागून चार कड्या चिकटवायला बसले होते, डिंकाची बाटली उघडली, आणि परत बंद केली. अर्पिताला आकडे येतात.

आता काड्यांचं. हे तुझं सगळ्यात आवडतं, म्हणून शेवटी ठेवलं होतं. फळवाल्याकडून पपईच्या क्रेटमधला पेंढा मागून आणला, तो वाशीच्या मार्केटमधून फुकटच येतो. बुटांच्या खोक्याची गव्हाण केली. कोणाचं काही चांगलं केलं की गव्हाणीत एक काडी टाकायची, म्हणजे नाताळापर्यंत बाळासाठी मऊ अंथरूण होतं. आणि तुझा नियम, काय केलं ते कोणाला सांगायचं नाही. सांगितलं की काडी परत काढायची. जोएल नुसता दूध प्यायला तरी काडी टाकतो आणि जगाला सांगतो. अर्पिता मात्र तुझ्यावर गेलीय. ती गुपचूप टाकते. गेल्या आठवड्यात बघते तर ती रोज दोन टाकतेय. विचारलं, तर म्हणाली, एक माझी, एक पप्पांची. ते पण तिथे काहीतरी चांगलं करतच असतील ना, त्यांच्या वाटणीची कोण टाकणार? मी म्हटलं, टाक बाई.

त्यानंतर दोनच दिवसांनी, शनिवारी, येसूबाई आल्या. करंज्याच्या, तुमच्या जहाजावरून सुटून आलेल्या मिथुनची आई. सहा मजले चढून, हातात सुक्या बोंबलांची पिशवी आणि नातवाच्या बारशाचे पेढे. मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. दार उघडलं तर बाई एकदम माझ्या पायाशीच वाकल्या. मी घाबरून मागे सरले. त्या म्हणाल्या, "बाय, तुझे मानसानं आपला नंबर सोरला, म्हनून माझा मिथुन घरा आयला. सून आठव्या महिन्यान होती. तुझं उपकार कसं फेरू गं?"

मी त्यांना खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं. चहा केला, साखर दोनदा घातली. त्यांना वाटलं मला माहीतच आहे. मीही तसंच दाखवलं. बाळाचं नाव विचारलं, वजन विचारलं. त्या गेल्यावर मिथुनला फोन लावला. तो आधी गडबडला, मग सगळं बोलला. ज्याचा करार आधी संपला तो आधी, असं ठरलं होतं. तुझा नंबर चौथा होता. सातांत चौथा, पास्कल! तू कागदावर आपलं नाव खोडून त्याचं घातलंस. आणि मला फोनवर काय सांगितलंस? माझा नंबर लागला नाही गं, काय करणार.

त्या शनिवारपासून मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातेय. कोणाला सांगू? आईला सांगितलं तर ती म्हणेल, बघ, परक्यांसाठी पोरांना सोडतो. चर्चमध्ये सांगितलं तर ते तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील आणि मला आणखी धीराची म्हणतील. मिथुनवर चिडावं तर त्यानं मला बाळाचा फोटो पाठवला, एवढंसं तोंड, मुठी मिटलेल्या. त्या बाळावर कोण चिडणार? आणि तुझ्यावर चिडले की लगेच वाटतं, याच माणसाशी आपण घरच्यांशी भांडून लग्न केलं, का केलं, तर तो असा आहे म्हणून. सगळी दारं आतून बंद आहेत आणि प्रत्येकावर कोणीतरी चांगलं माणूस उभं आहे. मला राग आलाय. खूप राग आलाय. तो कुठे ठेवायचा ते मात्र कळत नाही, म्हणून मी भांडी घासते. आपली भांडी सध्या फार स्वच्छ आहेत.

तुझं नाव खोडणं चूक होतं असं मी म्हणत नाही. मी तिथे असते तर कदाचित मीच तुला म्हटलं असतं, सोड नंबर, तिची वेळ जवळ आलीय. पण तू मला विचारलं नाहीस. सात वर्षांच्या पोरीला जो नियम शिकवला तोच बायकोलाही लावलास. चांगलं करावं आणि सांगू नये, हे कबूल. पण त्या चांगल्यात माझं आयुष्य होतं, अर्पिताचा दात होता, जोएलचा खोकला होता. निम्मी काडी माझी होती, पास्कल. ती न विचारता टाकलीस.

येत्या रविवारी चौथी मेणबत्ती. त्या दिवशी मी पोरांना सांगणार आहे की साखळी संपेल पण पप्पा नाताळाला येणार नाहीत. रडतील ती रडू देत. ते मी निभावून नेईन, त्याची काळजी करू नकोस.

मी हे पत्र लिहायला घेतलं ते दुसऱ्याच कारणासाठी. मिथुनचं अजून जहाजावरच्या पोरांशी फोनवर बोलणं होतं, त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. पाच जानेवारीला कोर्ट आणखी तिघांना सोडणार आहे, नावं तुम्हीच द्यायची आहेत, आणि आता यादीत पहिला नंबर तुझा आहे. चौथे तुमचे कुक, अलिबागचे श्यामसुंदरकाका. त्यांच्या मुलीचं लग्न जानेवारीच्या शेवटी आहे. आणि तू म्हणे मेसमध्ये बसून बोललास की काकांना जाऊ दे, माझं काय, पोरं लहान आहेत, त्यांना कळत नाही. त्यांना कळतं. दहा वर्षांत मी तुला प्रत्येक वेळी एकच म्हटलं, तुला योग्य वाटेल ते कर. आज तसं म्हणत नाही. आज तुझं नाव दे. काकांना लग्नाला पोचता येणार नाही हे मला पुरतं माहीत आहे, आणि माहीत असून सांगतेय. हे चांगलं नाही, तर नसू दे. मुलीकडचा पत्ता मी मिथुनकडून घेऊन ठेवलाय. लग्नाला मी जाईन, एकटी. तिच्या ओटीत नारळ घालेन आणि तिला तोंडावर सांगेन की तुझ्या बाबांना मी अडवलं.

तुझीच,
रंजिता