हात न टेकता

अकोला,
२५ जुलै २०२४

चि. संघपाल यास,
जयभीम व अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनच केला असता, पण तू ते कानातलं यंत्र डब्बीत घालून ठेवतं अन् मंग माह्या घरची गोष्ट आख्ख्या गल्लीले ओरडून सांगा लागते. म्हून हे पत्र.

मांगच्या सोमवारी सैपाकघरात खालचा डब्बा घ्याले बसली, ते उठताच येईना. घाबरू नको. पडली नाई, हाड मोडलं नाई, डॉक्टरनं फोटो काढून पाह्यला. गुडघा दुखे ना कंबर, पण मांड्यांत जीवच नाई. ओट्याले हात पुरेना. शेजारची पार्वताबाई ताक द्याले आली तवा तिनं मले उठवलं. तोपर्यंत मी फरशीवर बसून सारा लसूण सोलून काढला. रिकामी कावून बसू?

पार्वताबाईनं लगेच स्वप्निलले कळवलं. तुहा भाचा दुसऱ्या दिवशी पुण्याहून हजर. म्हणे, आई, सामान बांध, आता इथं एकटीनं राहाचं नाई. मी म्हणलं, माहं घर, माहं विहार, माह्या साऱ्या बाया सोडून तुह्या सातव्या माळ्यावर कबुतरं हाकलत बसू काय? आमचं बम वाजलं. शेवटी अट पडली. ऑक्टोबरात धम्मचक्र दिनाच्या सुट्टीत तो येईन. तवा मी हात न टेकता, कोणाले न धरता जमिनीवरून उठून दाखवलं, तर इथंच राहाचं. नाई उठली, तर घराले कुलूप अन् मी पुण्याले.

डॉक्टर म्हणे, वयानं मांस झिजते, पण कमावलं तर ह्या वयातही येते. स्वप्निल म्हणे, जिम लाव. आमच्या चौकातल्या जिममधी पोट्टे आरशात सोताचे दंड पाहत उभे असतात. त्यांच्यात मी पातळ नेसून कुठं उभी राहू? तू जन्मभर शाळेत पोरांले पीटी शिकवली. घरच्या घरी ताकद कशी कमवाची ते बैजवार लिहून धाड. अन् मले शाळेतली पोट्टी समजू नको.

सूनबाई पायलले आशीर्वाद. जीव लावत राहाजो, नाईतर कान ओढाले मी अजून जित्ती आहे.

तुही,
ताई


अमरावती,
२ ऑगस्ट २०२४

ती. ताईस,
सविनय जयभीम व सा. न. वि. वि.

पत्र वाचून काळजात धस्स झालं, आणि लसणाशी आल्यावर इतका हसलो की पायल बघायला आली. असो. इथून पुढे मी तुझा धाकटा भाऊ नसून प्रशिक्षक आहे, याची नोंद घ्यावी.

जिममधलं लोखंड स्नायूंना ओळखू येत नाही, त्यांना फक्त ओझं कळतं. ते ओझं तुझ्या अंगाचंच पुरेसं आहे. (हा टोमणा नाही.) खुर्ची भिंतीला टेकवून ठेव. हात छातीशी घे आणि खुर्चीवरून आठ-दहा वेळा ऊठ. बसताना सावकाश बस, धपकन नको. शेवटच्या एकदोन खेपा जड गेल्याच पाहिजेत. सगळंच सोपं जायला लागलं की खुर्चीऐवजी ठेंगणं स्टूल घे. दंडांसाठी हातभर लांब उभी राहून भिंत ढकल. ओटा धरून टाचा उचल. हे सगळं एक दिवस आड कर, कारण मांस वाढतं ते विश्रांतीत. आणि चहा-टोस्टवर काहीही वाढत नाही, राग सोडून. दोन्ही वेळा घट्ट वरण, उकडलेली अंडी, हरभरे, शेंगदाणे पोटात जाऊ दे. कुठे कळ आली तर थांब आणि डॉक्टरांना विचार.

आता प्रशिक्षक नाही, भाऊ बोलतो. तू पुण्याला गेलीस तर मी कुठे जायचं? मन उदास झालं की एसटीत बसतो, मूर्तिजापूर गेलं की ताईचं घर आलंच, अशी माझी सवय आहे. हे लिहिलं म्हणून हसू नकोस.

तुझ्या शिव्यांचा आणि मायेचा हक्कदार,
संघपाल

ता. क. आत्याबाई, मी पायल. पाकीट डकवाले बाबांनी माह्याजवळ दिलं म्हून गुपचूप लिहून राहिली. हे सारं बाबांनी आरामखुर्चीत बसून लिहिलं, अन् त्या खुर्चीतून उठाले त्यांनी मले हाक मारली. नेहमीच मारतात.


अकोला,
२८ ऑगस्ट २०२४

चि. प्रशिक्षकसाहेब यांस,
जयभीम व आशीर्वाद. जास्त आशीर्वाद तब्येत पाहून देण्यात येतील.

तुह्या व्यायामानं पहिल्या आठवड्यात मांड्या अशा भरून आल्या, का दाराची पायरी उतरताना मले तुहीच आठवण ये, अन् चांगली नाई ये. आता बरं आहे. खुर्ची सुटली, स्टुलावर आली. अंडे खाऊन खाऊन मी आता कोंबडीच्या नजरेले नजर देत नाई.

पण तुह्या भिंतीपायी इथं रामायण झालं ना बाप्पा! मी जे ढकलतो ते अंगणातली भिंत माही अन् पार्वताबाईची सामाईक. तिची आख्खी हयात शेताच्या धुऱ्याच्या, बांधाच्या भांडणात गेली. तिनं खिडकीतून पाह्यलं, कौशल्याबाई म्हंजे मी सकाळी सकाळी दोन्ही हात लावून भिंत ढकलून राहिली. तिले वाटलं, मी हद्द सरकवून राहिली! आधी लेकाले बोलावून भिंत मोजून घेतली, मंग स्वप्निलले फोन केला का तुह्या आईच्या डोक्यावर परिणाम झाला. मी तिले तुहं पत्र वाचून दाखवलं. आता ते तिकडून ढकलते अन् मी इकडून, म्हून भिंत आहे तिथंच आहे.

एक सांगतो. काल मले सपनात दिसलं, का अमरावतीले एक पीटीचा मास्तर आरामखुर्चीतून उठाले सुनेले हाका मारून राहिला. सपनच असन म्हणा. पण आजपासून तूही खुर्चीवरून हात न लावता उठशील, तरच मी उठीन. नाईतर तुहे कागद चुलीत.

आता हसाचं सोडून लिहितो. परवा दार लावून खाली सतरंजीवर बसून पाह्यलं. नाई उठता आलं रे. शेवटी पलंगाचा पाय धरून उठली अन् तिथंच बसून रडली. विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू आहे. साऱ्या बाया खाली बसतात अन् मले पाहुण्यावानी प्लास्टिकची खुर्ची देतात. मले त्या खुर्चीची लाज वाटते. स्टुलावरून उठणारी बाई जमिनीवरून कावून उठत नाई, हे सांग. दिवस थोडे राह्यले.

तुह्या उत्तराची वाट पाहणारी, अन् तुह्यावरच भरोसा ठेवून बसलेली,
ताई


अमरावती,
१२ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,
सविनय जयभीम.

तुझी स्वप्नं पोस्टाच्या पाकिटातून येतात आणि त्यांना माझ्या सुनेचं अक्षर असतं, हे मला कळलं आहे. गुन्हा कबूल. पहिल्या दिवशी आरामखुर्चीतून अर्धा उठलो आणि परत आत गेलो. पायल तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. आता मात्र उठतो. काल उठलो तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या, आणि त्या मला यंत्राशिवाय ऐकू आल्या!

आता तुझं. स्टुलावरून उठणं आणि जमिनीवरून उठणं यांच्या मधली पायरी मी सांगितलीच नव्हती, म्हणून तू अडलीस. चूक प्रशिक्षकाची. उठणं वरून खाली शीक. आधी एक गुडघा उशीवर टेक, दुसरं पाऊल पुढे घट्ट रोव. स्टूल शेजारी असू दे, पण धरू नकोस. अंग पुढे झुकव आणि पुढच्या पायाच्या जोरावर वर ये. पाय बदलून कर. ते जमलं की मग खाली बसून, एका बाजूला कलून गुडघ्यावर येण्याचा सराव. आणि एकटीने करायचं नाही. पार्वताबाईंना शेजारी बसव, भिंत पळून जाणार नाही.

आता शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. ताई, रडू नको. तू हारली तर मले करमन काय? तुले उठाच लागते.

तुहा,
संघ्या


अकोला,
१५ ऑक्टोबर २०२४

चि. संघपाल यास,
जयभीम व अनेक उत्तम आशीर्वाद. ह्या खेपेले पुरे आशीर्वाद, काही कापून घेतलं नाई.

उठली रे मी! शनिवारी स्वप्निल आला. जेवणं झाली, सतरंजी टाकली, पार्वताबाई पंच म्हून दारात बसली. मी मांडी घालून बसली, एका बाजूले कलली, गुडघा टेकला, पाऊल रोवलं. वर येता येता मधी एक क्षण वाटलं, गेलं पुण्याले सामान. पण तुह्या सांगण्यावानी पुढं झुकली अन् उभी झाली. हात कुठंच नाई लावला. पार्वताबाईनं अशी आरोळी ठोकली का समोरचे लोक बाहीर आले.

मले वाटलं, पोरगा टाळ्या वाजवन. त्यानं नुसती मान हालवली अन् अंगणातल्या नळावर तोंड धुवाले गेला. बराच वेळ धूत होता. मी मांगून गेली तं डोळे लाल. मले म्हणे, आई, मले वाटलं होतं तू हारशील. त्यानं पुण्याच्या घरी माह्यासाठी खिडकीजवळ पलंग टाकून ठेवला, न्हाणीघरात धराले दांडा बसवला. बापाच्या मांगं मी इथं एकटी, अन् तिकडं ताटावर बसला का त्याच्या घशाखाली घास उतरत नाई म्हणे. संघपाल, जिंकल्याचा आनंद माह्या तोंडातच राह्यला.

मी त्याले म्हणलं, मूर्खा, चल म्हणला असता तं आली असती. तू सामान बांध म्हणला, म्हून अडली. तो हसला अन् मंग लहानपणी रडे तसा रडला. मीही रडली. पार्वताबाई तं आमच्याहून जास्त रडली.

तवा ऐक. हिवाळ्याचे दोन महिने पुण्याले जातो, अन् परत येतो. तू रुसशील, मले माहीत आहे. पण त्याच्या आधी पायलले घेऊन चार दिवस इकडं ये, तुहा पोटभर पाहुणचार करतो. अन् पुण्याच्या गाडीत बॅग मीच वर ठेवणार आहे, त्यानं हात लावाचा नाई, हे मी स्वप्निलले आत्ताच सांगून ठेवलं.

लोभ वाढत राहू दे रे, मांसापेक्षा तोच जास्त कामाचा.

तुही,
ताई