कुंपणाआड सुखरूप

आबा, तुमचा नातू अमेरिकेच्या सैन्यात आहे, हे तुम्हांला सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. हेलिकॉप्टर दुरुस्त करतो तो. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाला, "आई, आमचं युनिट निघतंय. कुठे, ते सांगता येत नाही. डोन्ट वरी." मी फोन ठेवला आणि इथे अमेरिकेतल्या आमच्या रेडमंड गावच्या पावसात, डोक्यावर काही न घेता, शेजारच्या काकांकडे गेले.

हे काका आयर्लंडचे. बायको गेल्यापासून एकटेच असतात. लहानपणी ते तिथल्या एका लष्करी तळाशेजारी राहायचे. वडील तळावर पहारेकरी. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या देशाने कुणाचीच बाजू घेतली नव्हती. म्हणून वाट चुकून तिथे उतरलेले वैमानिक, इंग्रज असोत की जर्मन, त्या तळावर शेजारशेजारच्या कुंपणांत ठेवत. मारहाण नाही, पोटभर जेवण. परत येण्याचा शब्द दिला की संध्याकाळी बाहेर हिंडायलाही सोडत. माझ्यापुढे चहा ठेवून काका सांगू लागले, "एका इंग्रज पोराची आई त्याला भेटायला आली होती. जाताना माझ्या वडिलांचा हात धरून म्हणाली, याला सोडू नका हं. पुढे वरून हुकूम आला, इंग्रजांना सोडा. वडिलांनीच फाटक उघडलं. पोरगा हसत गेला, पुन्हा विमानात बसला, आणि थोड्याच दिवसांत समुद्रात पडला."

"मग तुमचे वडील?"

"काय करणार? हुकूम होता."

मला आपलं स्वयंपाकघर दिसतं. आजी, तुमची आई, चुलीपुढे भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसलाय. त्याच युद्धात तुम्ही वाळवंटात शत्रूच्या हाती सापडलात, तेव्हा बातमी कळताच आजीने गावभर साखर वाटली होती. जेवायला आलेल्या पाहुण्याने हसत हसत तो विषय काढला आणि तुम्ही ताट सरकवलंत. "मी तिथं कैदेत कुजत होतो, आणि हिनं साखर वाटली!" आजी मान वर न करता म्हणाली, "बंदुकीसमोर तर नव्हतास." तुम्ही उपाशीच उठलात. तेव्हा मला वाटलं, आजी अडाणी, तिला काय कळतंय. आता तव्यावर पोळी जळते आणि माझ्या मनात तेवढंच चालू असतं: कुणीतरी, कुठल्याही देशाने, माझ्या पोराला धरून ठेवावं, दोन वेळ जेवू घालावं आणि हुकूम आला तरी सोडू नये.

काल त्याचा पुन्हा फोन आला. मागे कुणीतरी त्याला हाका मारत होतं. "आई, बोल ना काहीतरी."

मी विचारलं, "जेवलास का?"

तो हसला. "हो गं." आणि लाइन कट झाली.

पळून ये, असं अगदी ओठांवर आलं होतं. तुम्ही आज असता, तरी हे पत्र मी तुमच्या हातात दिलं नसतं, आबा. मला अजून तुमची भीती वाटते.