पावलं मोजणारा पट्टा

चिमणीच्या आईस,

तू तुझ्या आईच्या आजारपणात अडकलीस, म्हणून हे पाठवणार नाही. आलीस की समोर बसून सांगेन.

रक्तातलं वाढलेलं इन्शुलिन उतरावं, पुढे मधुमेह होऊ नये म्हणून डॉक्टरीणबाईंनी चिमणीचं गोड बंद केलं आणि मनगटावर बांधायचा, पावलं मोजणारा पट्टा दिला. मैत्रिणी हसतात म्हणून ती फिरायला जाईना. "बाबा, तुम्हीच घाला ना, नाहीतरी दिवसभर टपाल वाटत हिंडता!" मी घातला.

काल तपासणीत इन्शुलिन उलट वाढलेलं निघालं. "एवढं चालूनही? मग गोळी सुरू करू," बाई पट्ट्यावरचा आकडा बघून म्हणाल्या. मी गोळीची चिठ्ठी खिशात घातली. आज सकाळी देवापुढे हात जोडवेनात.

"बाईंना खरं सांगून येऊ," मी चिमणीला म्हटलं.

"त्या ओरडतील, बाबा!"

"मलाच ओरडतील. आपण पायी जाऊ, तेवढंच ओरडणं लांबणीवर पडेल."

ती बूट शोधते आहे.

तुझ्यापासून लपवणारा,
चिमणीचा बाप