एका नळाचे दोन रिपोर्ट

सोमाटणे,
शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे बरे. माझ्या सईचा दात पडला, मामाला दाखवायला डबीत जपून ठेवलाय. श्रीयशचं सलाईन सुटलं का? निदान तेवढं तरी कळव रे.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितेय. "आधी पाणी चांगलं म्हणालीस, आता वाईट म्हणतेस, एकदा काय ते ठरव की!" असं ओरडून तू फोन ठेवलास. अरे बाबा, माझंच ठरेना ना!

तुझ्या हॉटेलात कोळंबी खाऊन सहलीची माणसं आजारी पडली, तेव्हा तू आणून दिलेली पाण्याची बाटली मी आमच्या लॅबमध्ये तपासली. एकही जंतू सापडला नाही. त्या भरवशावर तू हॉटेल चालू ठेवलंस आणि आठवड्यात तुझाच मुलगा दवाखान्यात. म्हणून रविवारी मी स्वतः लोणावळ्याला येऊन त्याच नळाचं पाणी भरलं, त्यात धुतलेली कोळंबीही घेतली. दोन्हींत जंतूच जंतू! नळ तोच, टाकी तीच. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाच्या बाटलीची चिठ्ठी तुझ्या बाटलीला चिकटवली. पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. डोकं चालेना. आमच्या लॅबमधल्या कोमलवर उगाच खेकसले.

शेवटी काल वहिनीला विचारलं. पहिली बाटली तिने भरली होती. म्हणाली, "अवो वन्सं, तुमच्या हापिसात जानारं पानी, तसंच कसं द्यायचं? आमी चांगलं उकळून, गाळून भरलं की!" कुरवंड्याला तिच्या माहेरी बाहेरच्या माणसाला असंच पाणी देतात म्हणे. मला हसावं की रडावं कळेना.

तिला एक शब्द बोलू नकोस. गल्ल्यामागे लावलेला तो पहिला रिपोर्ट काढ आणि उद्या शनिवारची कितीही गर्दी आली तरी हॉटेल उघडू नकोस. दुसरा रिपोर्ट मी आज वरती साहेबांकडे पाठवलाय, तुझ्या हॉटेलच्या नावासकट. तू मला काय म्हणशील, माहीत नाही. मी बरोबर केलं का, तेही धड कळत नाहीये.

एक मात्र पक्कं माहीत आहे, आणि ते अजून कुणालाच सांगितलेलं नाही. तू ती पहिली बाटली हातात दिलीस ना, तेव्हा ती कोमट लागली होती. मी विचारलं नाही. मला चांगलाच रिपोर्ट हवा होता, दादा.

श्रीयशला काय सांगायचं, ते तूच ठरव.

त्याची आत्या,
अनघा