पाटीवर तुमचं नाव नको

गुरुजी, तुमच्या नावाची पाटी माझ्या एका सहीवर अडली होती. गावच्या शाळेला बास्केटबॉलचं कोर्ट मिळतंय. मी खेळाडू म्हणून ज्या कंपनीत नोकरीला लागले, तीच ते बांधून देते आहे, आणि कोर्टाला नाव कुणाचं द्यायचं ते मी ठरवावं, असं साहेबांनी शाळेला कळवलं. शाळा समितीने एकमताने तुमचं नाव सुचवलं. ‘तुझे पहिले गुरू, त्यांच्याबद्दल तुझ्याशिवाय कोण सांगणार,’ अध्यक्ष फोनवर म्हणाले. म्हटलं, सांगते की. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हा मध्येच बोट वर करून बोलायची तुमची सवय आता आड येणार नाही. निवांत ऐका.

सुरुवात शाळेच्या ओट्यावर होते. मी बाचं बोट धरून उभी आहे. माझा जन्म घरचा, कागद कुठलाच नाही, आणि कागद नसलेल्या पोरांचं वय तुम्ही हातावरून काढायचात. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा, डाव्या कानाला लागला की सहा वर्षं पुरी. बरोबरीच्या पोरींची बोटं केसांतच अडकली. माझा हात कान ओलांडून गालापर्यंत पोचला. ‘पोर पाचचीबी नाय गुरुजी,’ बा म्हणाला. ‘लावनीत झाली, सुईनीला इचारा.’ तुम्ही हसलात. ‘सुईन चुकंल, हात नाय चुकत.’ आणि रजिस्टरात जूनची पहिली तारीख पडली, खऱ्या जन्माच्या तेरा महिने आधीची. आमचा सगळा वर्गच जूनच्या पहिल्या तारखेला जन्मलेला, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. बालाही नाही. लवकर शाळेत गेली, बरं झालं, म्हणाला.

तेच लांब हात पुढे तुम्हाला आवडले, हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगी एकतर्फी बोलते. चौथीत असताना तुम्ही मला सायकलवर मागे बसवून भातसानगरला नेलंत. धरणाच्या कॉलनीत सिमेंटचं कोर्ट होतं, रिंग गंजलेली, जाळी नव्हतीच. स्टाफची मुलं खेळत होती. ‘बाहेरच्यांना परवानगी नाही,’ एक साहेब म्हणाले. तुम्ही टोपी सारखी केलीत. ‘साहेब, पानी आमच्या रानातनं ममईला जातंय. आमची पोर घटकाभर तुमच्या अंगनात खेलली तर काय बिघरलं?’ साहेबांना हसू आलं आणि मी आत गेले. मग तीन वर्षं दर रविवारी तुम्ही कठड्यावर पेपर वाचत बसायचात. खेळाचा एक नियम तुम्हाला ठाऊक नव्हता. चेंडू रिंगेतून गेला की पेपर खाली यायचा, नाही गेला की वर. तेव्हा तुम्ही मला बापाहून जास्त आवडायचात. म्हणून तर नंतरचा राग असा मुरला.

मग ठाण्याची निवड चाचणी. चौदा वर्षांखालच्या मुलींचा संघ. तीन दिवस खेळून माझं नाव यादीत लागलं, आणि कागद तपासायच्या टेबलावर एका बाईंनी दाखल्यावर बोट ठेवलं. कागदाप्रमाणे मी चौदा ओलांडली होती. खरी मी तेराची. बा गयावया करू लागला तेव्हा त्या बाई म्हणाल्या, ज्या शाळेत पहिली नोंद झाली तिथून पत्र आणा, वय अंदाजाने लिहिलं होतं एवढंच, आठवडाभर थांबते. आम्ही उड्या मारत परत आलो. पत्र देणारे तुम्ही, म्हणजे काम झालंच.

तुम्ही खुर्चीतून उठला नाहीत. ‘माझ्या रजिस्टरात आजवर खाडाखोड नाय,’ म्हणालात. बा म्हणाला, खोडू नका, नुसतं पत्र द्या. ‘अंदाज लिवला असं मीच सांगू? मग बाकीच्या पोरांच्या तारखा काय खऱ्या ऱ्हायल्या?’ बाने हात जोडले. माझ्यासमोर त्याने कुणाला जोडलेले मी पहिल्यांदा पाहिले. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, ‘रडाचं नाय गो. पुढल्या वर्साला मोठ्या गटात खेल.’ पुढच्या वर्षी त्या मोठ्या गटात माझ्याहून दोन-तीन वर्षांनी थोराड मुली होत्या, आणि चौदाच्या संघातल्या पोरी तोवर क्रीडा प्रबोधिनीत पोचल्या होत्या. रोजचं दूध, रोजचा सराव, गुडघ्याला डॉक्टर. मी मुरबाडच्या कॉलेजात मातीच्या मैदानावर टप्पे मारत राहिले.

दुसऱ्या फळीच्या लीगमध्ये पोचायला मला बाविसावं लागलं. पहिल्या फळीने कधी बोलावलंच नाही. छोट्या शहरांतल्या त्या लीगमध्ये आम्ही रात्रभर बसने जायचो आणि मंगल कार्यालयात गाद्यांवर झोपायचो, पण मी जीव तोडून खेळले. फ्री थ्रोच्या रेषेवर उभी राहिले की रिंगेच्या जागी तुमचं टक्कल दिसायचं. नेम क्वचित चुकला. देवाशप्पथ सांगते, त्या वर्षांत मला प्रेमाने जेवढं खेळता आलं नसतं तेवढं सुडाने खेळता आलं.

आता पुण्याचा सामना. हे मी बालाही सांगितलेलं नाही. हिवाळा होता. तुम्ही रिटायर होऊन वैशाखऱ्याला राहत होतात, तिथून एसटीने माळशेज चढून आलात. हातात म्हसा गावच्या जत्रेतल्या मिठाईचा पुडा. पास नव्हता, म्हणून फाटकावरच्या माणसाने अडवलं. मी टीमबरोबर आत चालले होते. ‘मॅडम, हे बाबा म्हणतात तुम्ही यांच्या विद्यार्थिनी. ओळखता का?’ तुम्ही चार पावलांवर होता. टोपी सारखी करत होता. माझ्या मनात एवढंच आलं की आज खुर्चीत मी बसले आहे. ‘नाही,’ मी म्हटलं.

तुम्ही रागावला असतात तर मी जिंकले असते. तुम्ही त्या माणसाला म्हणालात, ‘बरोबर हाय, दादा. लय पोरं शिकवली, माझंच नाव चुकलं असंल.’ मला लाज वाटू नये म्हणून स्वतःला खोटं पाडलंत. ज्या माणसाने स्वतःच्या अक्षराला कधी अंदाज म्हटलं नाही त्याने. सामना आम्ही जिंकलो. बाहेर आले तेव्हा तुम्ही नव्हतात. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात, आणि सामने आहेत असं सांगून मी वैशाखऱ्याला आले नाही. सामने नव्हते.

नकाराचं पत्र मी आज सकाळी समितीला दिलं. पाटीवर तुमचं नाव नको, असं लिहून खाली सही केली. अध्यक्षांना रजिस्टराची हकिगत सांगितली, बाचे जोडलेले हात सांगितले. ते म्हणाले, तुझा राग रास्त आहे. मी मान हलवली. रजिस्टरासाठी मी तुम्हाला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. पण तुम्हाला लिहिलेलं हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. रजिस्टर एकटं असतं, पुण्याचं ते फाटक नसतं, तर मी सही होकाराची केली असती.