बिनविजेची मोटर

११ मार्च, लातूर
नव्या जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन आटोपलं. मंडपातले माठ कोरडे, तरी लोक बसून होते. माझ्या भाषणात बशीत गोटी फिरवून दाखवली. ही शेवटी थांबते; अणूंचं तसं नाही. कितीही गार करा, थोडी थरथर उरतेच. तीच शून्यबिंदू ऊर्जा. टाळ्या पडल्या. बरं वाटलं.

१३ मार्च
पेपरात मथळा: 'लातूरच्या प्राध्यापिकेचा शोध, आता विजेविना मोटर'. मोटर हा शब्द मी उच्चारलासुद्धा नव्हता. खुलासा लिहून दिला, छापला नाही. प्रिं. म्हणाले, "असू द्या मॅडम, कॉलेजचं नाव झालं."

१९ मार्च
टँकरच्या रांगेत होते, तर समोर रिक्षातून बाबा उतरले. पेपर आमच्या गावी, हदगावलाही पोचलाय. सोबत विहिरीवरची मोटर, एसटीच्या टपावर टाकून आणलेली! विहिरीत थोडं पाणी आहे, वीज नाही, केळी वाळतायत. "माझी पोरगी बिनविजेची करून देती," असं गावभर सांगून आलेत. आज बोलायचा धीर झाला नाही. पिठलं-भाकरी केली.

२० मार्च
सकाळी सांगून टाकलं. ऊर्जा आहे, पण काढता येत नाही. ती सगळ्यात खालची पायरी; तिच्या खाली जायला जागाच नसते, मग ती देणार काय?
बाबा मोटरीवरची धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, "जी निघत न्हाई, ती हाय हे कशावरनं?"
वर्गात हे आजवर कुणी विचारलं नाही. हेलियमचं सांगितलं. नुसतं गार करून ते गोठतच नाही, ही थरथर गोठू देत नाही.
"तू बघितलंस?"
नाही. इथं साध्या बर्फाची मारामार.
"मंग तूबी छापलेलंच सांगून राहिलीस."
लई राग आला. मग रडू.

२१ मार्च
बाबांना बसमध्ये बसवून दिलं. मोटर न्यायला तयार नाहीत.
"रिकाम्या हातानं गेलो तर सांगता यील, काम चालू हाय म्हून. मोटर संगं दिसली की लोक हासतील."
म्हटलं, बाबा, ते खोटं आहे.
"का? तुझं शिकणं चालू न्हाई का?"
बस सुटली.
मोटर खाटेखाली सरकवली. पेपरवाल्यांचा निरोप आलाय, या खेपेला खुलासा छापतो म्हणतात, उद्या द्या. एकच वाक्य लिहून झालंय: अशी मोटर चालू शकत नाही. खरं आहे, आणि ते हदगावातही वाचलं जाईल. खाली सही केलेली नाही.