मैनाच्या रंगाची गौर

मी, तुळजाबाई भ्रतार कुशाबा शेडगे, वय अदमासे साठ, धंदा शेती व गौरीचे मुखवटे रंगविणे, राहणार मौजे वरंध, तालुका महाड, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. नजर अधू झाली, पण रंग अजून ओळखू येतात. कोणी धाक किंवा लालूच दाखवलेली नाही. मला शाळा नाही. सामान बांधून आलेल्या वर्तमानपत्रांवरून अक्षरे जोडली. तेव्हा यातल्या चुका माझ्या, आणि मजकूरही माझाच.

एक. राहते घर, परसातल्या फणसासह, माझा पुतण्या सदू यास द्यावे. ओढ्याकडचे भाताचे खाचर त्याची बहीण मैना, जी कुडपणला दिली आहे, तिला द्यावे. सदूने तंटा करू नये. यांची आई गेल्यावर दोघांना मी वाढवले. ताटात वाढताना भेद केला नाही, तो जमिनीत करणार नाही.

दोन. माझी पुस्तके शाळेला द्यावीत. पाने दुमडलेली आहेत, ती तशीच राहू द्यावीत.

तीन. शेजारीण बनुबाई हिने मागून नेलेला पाटा-वरवंटा तिलाच असो. मैनाला 'सिनेमावाली' म्हणून पहिली हाक तिनेच मारली. तिच्या जिभेला पाटा शोभतो. पण ते नाव पडायला कारण मी झाले, म्हणून तिच्यावरचा राग येथे सोडते.

चार. यजमानांचे खारीच्या केसांचे कुंचले सदूची बायको रखमा हिला द्यावेत. तिचा हात स्थिर आहे.

पाच. हे कलम लिहायला मला आठ वर्षे लागली. सन १९५६ च्या थंडीत वरंधा घाटात परदेशी सिनेमा कंपनी आली. उमरठचा रावजी मुंबईत स्टुडिओत दिवे लावायच्या कामावर होता, तोच त्यांच्याबरोबर फिरे. गोष्ट आपल्या डोंगरातल्या एका मुलीची होती. साहेबाने मैनाला पाहिले, तिचा फोटो काढला आणि 'हीच' म्हणाला. मैना तेव्हा अठरा वर्षांची. गावभर झाले.

पंधरा दिवसांनी त्यांच्या देशातून एक गोरी नटी आली. रावजीने मला बाजूला घेतले.

"काकू, साहेब म्हनतो, पोरीचा चेहरा झकास हाय. पन तिकडं तिकीट काढनारे लोक असला चेहरा बघायला येत नाय. काम मडमच करनार. तिला आपल्यावानी रंगवायची हाय, नि त्यांचा पेटीतला रंग उन्हात विटेसारखा दिसतो. तुमचा हात लागंल."

माझा हात लागला. तीन दिवस सकाळी मैनाला अंगणात स्टुलावर बसवून तिच्या हाताशी लावून मी मडमेसाठी रंग जुळवला. मैना आईचे लुगडे नेसून बसायची. तिला वाटे, तयारी तिचीच चालली आहे.

"काकू, मला कदी रंगवनार गो?"

"तुला रंग नको. बस, हलू नको."

तिला ते कौतुक वाटले. हसली.

मला पहिल्याच सकाळी सगळे माहीत होते. सांगितले असते तर ती उठून गेली असती, आणि माझा रंग अर्धवट राहिला असता. याहून मोठे कारण माझ्यापाशी नाही. तांबडी काव, पिवळी पिवडी, जरासे काजळ, एवढ्यातून तो साधला. तिसऱ्या दिवशी दोघींचे हात शेजारी ठेवले तेव्हा साहेबालाही कोणता कोणाचा ते कळेना. इतका खरा रंग मला पूर्वी कधी साधला नव्हता.

चौथ्या दिवशी कंपनीवाले मैनाला घरी जा म्हणाले. तिने मला विचारले, "माजं काय चुकलं?"

मी म्हणाले, "तुजं तोंड यंत्रात नीट आलं नाय."

हे खोटे आहे. तिचा फोटो रावजीने तिला देण्यासाठी माझ्याजवळ दिला होता. तो मी मुखवट्यांच्या पेटीत तळाशी दडवला. तसा चेहरा मी जन्मात रंगवलेला नाही. मैनाने लग्नातसुद्धा फोटो काढू दिला नाही. आरसा समोर आला की पदर पुढे ओढते. माहेरी आली की माझी वेणी घालते. ती मागे बसते, मला तिचे तोंड दिसत नाही, आणि मी गप्प राहते.

पुढे रावजीने मला मुंबईत तो सिनेमा दाखवला. रंग मैनाचा होता. चालही मैनाची, तीही मडमेला मीच शिकवली होती. शेजारचा माणूस म्हणाला, बाई अगदी इथलीच वाटते. मला अभिमान वाटला. तो वाटला याची शरम अजून जात नाही.

तरी तो फोटो माझ्यामागे मैनाला द्यावा, आणि हे कलम तिच्यासमोर मोठ्याने वाचावे. तिने क्षमा करावी असे मी लिहीत नाही. मृत्युपत्रात द्यायचे लिहितात, मागायचे नाही.

सहा. आजवर मी रंगवलेल्या सगळ्या गौरी गुलाबी-गोऱ्या. त्या रंगाची एकही बाई या गावात नाही. साहेबाला नाव ठेवायचे तर आधी मला ठेवावे लागेल. यंदा एक मुखवटा मैनाच्या रंगात केला आहे. या घरात हीच गौर बसवावी, अशी घराबरोबर अट आहे. सदू म्हणाला, "काकू, सावळी गौर? लोक हसतील."

"तुजी आय कंच्या रंगाची व्हती रे?" मी म्हणाले. त्याने मुखवटा उचलून उजेडात धरला. तरी अट लिहून ठेवते.

येथवर लिहून कागद साक्षीसाठी रावजीच्या हाती दिला. त्याने वाचला आणि लेखणी खाली ठेवली.

"काकू, मेल्यावर सांगनार? मंग तिनं भांडायचं कुनाशी?"

म्हणून कलम पाचमधली फोटो माझ्यामागे देण्याची तजवीज मी रद्द करीत आहे. गौरीला तीन आठवडे आहेत. मैना माहेरी येईल. वेणी घालायला ती मागे बसेल, तेव्हा मी तिला पुढे बसवीन आणि फोटो माझ्या हाताने देईन. ती भांडली तर ऐकून घेईन. उठून गेली तर घराची आणि खाचराची कलमे आहेत तशीच राहतील.

त्याआधीच मला मरण आले, तर फोटो तिला द्यावा आणि एवढेच सांगावे: तोंड नीट आले होते.

सही: तुळजाबाई कुशाबा शेडगे
साक्षीदार: रावजी गोमाजी कदम, राहणार उमरठ (वरील दुरुस्तीनंतर सही केली)
साक्षीदार: दत्ताराम भागोजी साळेकर, शिक्षक, वरंध
मुक्काम वरंध, तारीख २० ऑगस्ट १९६४